चाळीस पानांचा पास्ता



सुट्टीचे दिवस आले की आपल्या घरांतली पाने वाढतात. एरवी दोन म्हाताऱ्या माणसांपुरता चढणारा कुकर बाजूला पडतो आणि माळ्यावरची मोठी पातेली खाली येतात. नातवंडे येतात, त्यांच्या फर्माइशीही येतात. पूर्वी ती फर्माइश श्रीखंडाची किंवा बटाटेवड्यांची असे. आता ती बहुधा पास्त्याची असते. अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : “डॉक्टर, घरात पास्ता होतो तेव्हा आम्ही म्हाताऱ्यांनी खावा की नाही?” आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. परंतु त्याआधी माझ्याच घरात घडलेला एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. त्यात चूक माझी होती आणि ती केवळ स्वयंपाकाची नव्हती.

आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी गावच्या घरी चाळीस माणसे जमली होती. बाकीचा स्वयंपाक आचाऱ्याकडे होता. मुलांसाठी म्हणून ठरलेला पास्ता मात्र सर्वांनाच हवासा झाला आणि मी तो हौसेने अंगावर घेतला. हिशेब सोपा होता. माणशी पंचाहत्तर ग्रॅम म्हणजे चाळीस माणसांना तीन किलो कोरडा पास्ता. शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी, या प्रचलित प्रमाणाने तीस लिटर पाणी. शेजारून एक प्रचंड पातेले मागवले, ते घरच्या गॅसच्या मोठ्या शेगडीवर चढवले आणि पावणेबाराच्या सुमारास खालचा जाळ पेटवला. साडेबाराला पाने मांडायची होती.

साडेबारा वाजले तेव्हा पाणी कोमट होते. एक वाजला तेव्हा त्यातून वाफा निघत होत्या, पण उकळीचे चिन्ह नव्हते. दीड वाजता मी झाकण उचलून पुन्हा पातेल्यात डोकावत असताना वहिनी आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अण्णा फार चिडलेत. पण मला ते चिडणे नेहमीचे वाटत नाही. त्यांचा सदरा घामाने भिजलाय.”

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. अनेक वर्षांचा मधुमेह, आणि त्यासाठी रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. त्या दिवशीही त्यांनी ती साडेआठला नेमाने घेतली होती. मात्र “दुपारी नातवंडांबरोबर पोटभर जेवायचे आहे,” असे म्हणून पोह्यांची बशी तशीच परत पाठवली होती. केवळ चहा घेतला होता. हे घरातल्या तीन माणसांनी पाहिले होते. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. मी धावत ओसरीवर गेले तेव्हा ते झोपाळ्यावर बसून हातरुमालाची घडी पुन्हापुन्हा घालत होते आणि मी विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत होते. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५४.

ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून दिली. पंधरा मिनिटांनी आकडा ७८ झाला, तेव्हा दोन पोळ्या आणि भाजी समोर बसून खायला घातली. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत ओळख परतली. पास्ता त्यानंतर बऱ्याच वेळाने शिजला. तीस वर्षे रुग्णांना “गोळी घेतली की जेवण टाळू नका” असे बजावणारी मी, त्या दिवशी पातेल्यापाशी उभी होते आणि माझे वडील उपाशी बसले होते.

पाणी का उकळले नाही, हे नंतर शांतपणे कागदावर मांडून पाहिले. तीस लिटर पाणी साधारण पंचवीस अंशांवरून शंभर अंशांवर न्यायचे तर घरगुती शेगडीला, निम्मी उष्णता इकडेतिकडे जात असल्यामुळे, पावणेदोन ते दोन तास सहज लागतात. त्यात तीन किलो कोरडा पास्ता एकदम टाकला असता तर उकळी पुन्हा बसली असती आणि तळाचा पास्ता एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला असता. हेच सात लिटर पाणी, झाकण ठेवून, सुमारे अर्ध्या तासात उकळते. म्हणजे मोठ्या समूहासाठी पास्ता करताना पहिला नियम हा की एकच मोठे पातेले वापरू नये. घरच्या शेगडीवर एका वेळी एक किलोच शिजवावा आणि त्याला सहा-सात लिटर पाणी पुरे. अधूनमधून ढवळत राहिले तर शंभर ग्रॅमला लिटरभर पाण्याची काहीच आवश्यकता नसते.

आणि हे आपल्याला नवे आहे काय? आपल्या पूर्वजांनी चाळीस माणसे एकदम कधी जेवू घातली? ते पंगती उठवत. पंधरा पाने, मग पुन्हा पंधरा पाने. पहिली पंगत लहान मुलांची आणि वृद्धांची. पास्त्याला ही पद्धत इतकी सोयीची आहे की ती त्याच्यासाठीच योजली असावी असे वाटते. एक किलो पास्ता म्हणजे तेरा-चौदा पाने. पहिला किलो ठरल्या वेळी पहिल्या पंगतीसाठी, ती जेवत असताना त्याच पाण्यात थोडे गरम पाणी वाढवून दुसरा, मग तिसरा. रस्सा, म्हणजे ज्याला आपण सॉस म्हणतो तो, तेवढा सकाळीच एकदम करून ठेवावा आणि वाढण्यापूर्वी खळखळ उकळून घ्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वृद्धांनी पास्ता खावा का? माझे उत्तर असे की, नक्की खावा; मात्र चार गोष्टींचे भान ठेवावे.

पहिली गोष्ट, तो कशाचा आहे. इटलीत १९६७ सालच्या कायद्याने कोरडा पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले. आपल्याकडे मिळणाऱ्या पाकिटांत मात्र ड्यूरमचा पास्ताही असतो आणि मैद्याचाही. पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. ड्यूरम हा गहू आपल्याला परका नाही. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. खरे तर पास्ता ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. लग्नघरात बायका पाटावर बसून गव्हले, मालत्या, बोटव्या, नखुल्या वळत असत, त्यांना दुसरे काय म्हणावे? इटलीतही तांदळाच्या दाण्याएवढा एक बारीक पास्ता असतो. त्याच्या ‘ओर्झो’ या नावाचा अर्थ ‘जव’, आणि तो ताटात पडला तर आजी त्याला गव्हले म्हणून ओळखतील. ड्यूरमचा पास्ता पोटात सावकाश पचतो, त्यामुळे रक्तातील साखर पांढऱ्या पावाच्या मानाने हळू चढते. मैद्याचा पास्ता लवकर गळतो आणि त्याचा हा गुण कमी होतो.

दुसरी गोष्ट, प्रमाण. पंचाहत्तर ग्रॅम कोरडा पास्ता शिजून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम होतो. त्यात सुमारे पंचावन्न ग्रॅम कर्बोदके असतात. मधुमेही व्यक्तीने तेवढा पास्ता घेतला तर त्याच ताटात पुन्हा भात, पोळी आणि जिलेबी यांना जागा उरत नाही. वृद्ध मधुमेहींसाठी चाळीस-पन्नास ग्रॅम कोरड्या पास्त्याचा वाटा, त्याच्या बरोबरीने भाज्या आणि काहीतरी प्रथिनयुक्त पदार्थ, असे ताट मी सुचवते. प्रथिनांसाठी परदेशी युक्त्यांची गरज नाही. इटलीच्या घरांत पास्त्यात घेवड्याचे दाणे किंवा काबुली चणे घालण्याची जुनी रीत आहे. एक किलो पास्त्याला अर्धा किलो चणे रात्री भिजवून, कुकरमध्ये अगदी मऊ शिजवून रश्श्यात मिसळावेत. पनीरही चालते. म्हातारपणी स्नायू झिजतात, त्यामुळे प्रथिनांची गरज तरुणपणापेक्षा कमी नसते, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट, मीठ. पाकशास्त्राच्या पुस्तकांत लिटरमागे दहा ग्रॅम मीठ लिहिलेले असते. त्यातले बरेचसे पाण्याबरोबर निघून जाते हे खरे. परंतु पास्ता शिजताना पाणी शोषतो आणि त्याबरोबर मीठही. लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, मीठ पुरेसे होते. खरा धोका अन्यत्र असतो : तयार सॉस, पाकिटातला मसाला आणि चीज. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. या तीन वस्तू सैल हाताने वापरल्या तर ती मर्यादा एका ताटात ओलांडता येते. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांसाठी रस्सा घरी करावा. चाळीस माणसांना आठ किलो पिकलेले टोमॅटो, दीड किलो कांदा, शंभर ग्रॅम लसूण आणि तीनशे मिलिलिटर तेल पुरते. टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून साली काढाव्यात. त्या कवळीखाली अडकतात आणि घशाला चिकटतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियम कमी ठेवण्यास सांगितले आहे, त्यांच्यासाठी टोमॅटोऐवजी दुधी भोपळा आणि कांदा यांचा रस्सा वेगळा काढावा. वेगळे ताट वाढणे म्हणजे त्या माणसाला वेगळे पाडणे नव्हे. त्याला पंक्तीत ठेवण्याचाच तो उपाय आहे.

चौथी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित, ती म्हणजे गिळणे. पक्षाघात होऊन गेलेले, कंपवात म्हणजे पार्किन्सनचा विकार असलेले, स्मृतिभ्रंश झालेले आणि अगदी केवळ दात नसलेले वृद्ध, यांना लांब शेवयांसारखी स्पॅगेटी देऊ नये. तिचे एक टोक घशात आणि दुसरे ओठांवर अशी अवस्था होते आणि ठसका लागतो. पोकळ नळीचा, कडक राहिलेला पास्ताही त्यांना नको. लहान आकाराचा पास्ता घ्यावा, पाकिटावरील वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे अधिक शिजवावा आणि रस्सा दाट ठेवून त्यात तो पूर्ण माखून द्यावा. पातळ सूप आणि त्यात तरंगणारे तुकडे हे मिश्रण गिळण्यास सर्वांत अवघड. अधिक शिजवल्याने साखर किंचित लवकर चढते, हे खरे आहे. पण ज्यांना गिळणे अवघड आहे त्यांच्या बाबतीत मी आधी घशाचा विचार करते आणि साखरेसाठी प्रमाण कमी करते. जेवताना ताठ बसवावे, घास लहान द्यावा, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. जेवताना वारंवार ठसका लागणे, आवाज ओलसर घोगरा होणे, घास गालात साठून राहणे, यांपैकी काही दिसत असेल तर पास्त्याचा प्रश्न नंतर. आधी डॉक्टरांना दाखवावे.

पास्ता वेळून काढताना आणखी एक सावधगिरी. सात लिटर उकळते पाणी आणि त्यात शिजलेला दोन किलो पास्ता, असे नऊ-दहा किलोंचे पातेले उचलून कलते करणे, हे साठी उलटलेल्या मनगटांचे काम नाही. भात वेळण्याची सवय असलेल्या हातांना ते जमेल असे वाटते आणि तिथेच वाफेने भाजते. पातेले शेगडीवरच राहू द्यावे, गॅस बंद करावा आणि मोठ्या झाऱ्याने पास्ता रोवळीत किंवा चाळणीत काढून घ्यावा. त्यामुळे ते पाणी पुढच्या किलोसाठीही उरते.

आता उरलेल्या पास्त्याविषयी. मोठ्या पंक्तीनंतर अन्न उरतेच, आणि “अन्न टाकू नये” हा आपल्या घरांतील वृद्धांचा संस्कार आहे. मी त्याचा आदर करते. तरीही बेल्जियममध्ये २००३ साली घडलेली एक घटना आपल्यासमोर ठेवते, कारण ती वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. एका कुटुंबात शुक्रवारी पास्त्याचे सॅलड केले गेले, शनिवारी ते सहलीला नेले आणि उरलेले शीतकपाटात ठेवून सोमवारी मुलांना वाढले. पाच भावंडे आजारी पडली. त्यांतील सात वर्षांची मुलगी यकृत निकामी होऊन दगावली. ते शीतकपाट चौदा अंशांवर होते. कारण ठरला ‘बॅसिलस सिरियस’ नावाचा जीवाणू. त्याचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. शिजलेला भात किंवा पास्ता कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून “चांगले उकळून घेतले आहे” हा दिलासा येथे खोटा ठरतो. असे मृत्यू विरळा होतात, हेही सांगितले पाहिजे. बहुतेकांना काही तासांत उलट्या होतात आणि त्या थांबतात. परंतु ऐंशी वर्षांच्या माणसाला, जो रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या घेत आहे, चार उलट्या आणि त्यातून होणारी पाण्याची तूट हीच पुरेशी गंभीर असते.

म्हणून उरलेला पास्ता पातेल्यात झाकून ठेवू नये. तो पसरट ताटांत किंवा परातींत दोन बोटे जाडीचा पसरावा, वारा लागू द्यावा आणि दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. उन्हाळ्यात, पारा बत्तिसाच्या वर असेल तर, एका तासाच्या आत. शीतकपाटाचे तापमान पाच अंशांच्या खाली आहे याची खात्री करावी. पंक्तीच्या दिवशी ते कपाट खच्चून भरलेले असते आणि सतत उघडले जाते. त्या दिवशी ते थंड राहात नाही. दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत एकदाच गरम करून संपवावा. त्यापुढे तो वृद्धांनी खाऊ नये. दुधाच्या पांढऱ्या सॉसचा असेल तर शक्यतो त्याच दिवशी संपवावा.

शेवटी, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. मोठ्या स्वयंपाकाला उशीर होतो. तो प्रत्येक घरात होतो आणि पुढेही होणार आहे. उशीर होईल हे गृहीत धरून घरातील मधुमेही वृद्धांची तरतूद आधी करावी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सकाळचा नाश्ता कोणत्याही कारणाने चुकू देऊ नये. समारंभाच्या दिवशी जेवणाआधीचा डोस केव्हा घ्यावा, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. पाने मांडल्याची खात्री झाल्याखेरीज तो घेऊ नये, हा साधारण नियम. त्या व्यक्तीचे नेहमीचे साधे जेवण, दोन पोळ्या आणि भाजी, डब्यात काढून तयार ठेवावे. ठरलेली वेळ अर्धा तास टळली की तो डबा उघडावा. त्यात यजमानांचा अपमान नाही आणि पाहुण्यांचाही नाही.

साखर उतरल्याची लक्षणे सोपी आहेत, पण समारंभात ती फसवतात. घाम, थरथर, धडधड, अकारण चिडचिड, गोंधळ, विसंगत बोलणे. गर्दीत आपण म्हणतो, “भुकेमुळे चिडले आहेत,” “उकडते आहे म्हणून घाम आला,” “वय झाले.” असे वाटले की आधी साखर तपासावी. यंत्र नसेल तर साखर उतरली आहे असेच समजावे. सत्तरच्या खाली आकडा असेल आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर चार चमचे ग्लुकोजची पूड किंवा साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा अजून कमी असल्यास पुन्हा द्यावे, आणि वर चढल्यावर जेवू घालावे. ज्यांना वोग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी आहे त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोजच हवे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून ठेवावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. या गोळ्यांचा परिणाम दिवसभर टिकू शकतो, त्यामुळे एकदा सावरलेला माणूस काही तासांनी पुन्हा उतरू शकतो. त्या दिवशीच डॉक्टरांशी बोलावे आणि रात्रीही लक्ष ठेवावे. आम्ही त्या रात्री अण्णांची साखर झोपण्यापूर्वी आणि पहाटे तीन वाजता तपासली. पुढच्या आठवड्यात त्यांची गोळी बदलली. एक्याऐंशीव्या वर्षी ती तशीच चालू ठेवण्याचा पुनर्विचार मी आधीच करायला हवा होता.

त्यानंतर आमच्या घरी पुन्हा दोनदा पास्त्याची पंगत झाली. आता पहिला किलो बारा वाजता चढतो. त्यात लहान आकाराचा पास्ता असतो, मऊ शिजवलेला, चण्यांच्या रश्श्यात माखलेला. साडेबाराला आई, अण्णा, आत्या आणि सगळ्यांत धाकटी तीन नातवंडे पानांवर बसतात. बाकीचे वाढतात. गेल्या खेपेस अण्णांनी चमच्यात आलेला तो बारीक दाणा निरखून पाहिला आणि आईला म्हणाले, “अहो, हे तर तुमच्या रुखवतातले गव्हले. कोणी तिखट केले?”

आई हसली आणि त्यांच्या ताटात आणखी अर्धा चमचा वाढायला पुढे झाली. मी तिचा हात धरला. मग तो अर्धा चमचा तिने माझ्या ताटात घातला.